फाइल उघडायला कोड मागतंय? ओटीपीने शेअर केलेल्या फाइल्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलै आला की आमच्या ऑफिसातला फोन रिटर्नपेक्षा या कोडसाठीच जास्त वाजतो. आम्ही टॅक्सची कामं करतो, क्लायंटचं कॉम्प्युटेशन (म्हणजे टॅक्सचा हिशोब), बॅलन्स शीट, कॅपिटल गेनची शीट वगैरे सगळं वनड्राइव्हवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल ठेवायच्या सोयीवरून, शेअर करतो आणि ते उघडताना तुमच्या ईमेलवर एकदाच चालणारा कोड येतो. काही जणांना कटकट वाटते, कळतं आम्हाला, पण एका माणसाच्या टॅक्सच्या फोल्डरमध्ये पॅन, आधार, पगार, होम लोन, बायकोच्या नावची एफडी, सगळं एका जागी असतं, ते भलत्याच्या हातात पडलं तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. हॉस्पिटलचा रिपोर्ट, परदेशातल्या युनिव्हर्सिटीचं पत्र, नवीन कंपनीची ऑफर, असं काही याच पद्धतीने आलं असेल तरी यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

फाइल तुम्हीच मला पाठवलीत ना, मग परत कोड कशाला?

कारण मेलमध्ये फाइल नसतेच, फक्त लिंक असते. फाइल सर्व्हरवरच राहते. तुम्ही लिंक उघडली की सर्व्हरला एवढंच बघायचं असतं की ही फाइल ज्या ईमेल आयडीला शेअर केलीय तो मेलबॉक्स खरंच समोरच्या माणसाकडे आहे का, म्हणून तो त्याच आयडीवर एक नंबर पाठवतो आणि तो तुम्हाला टाकायला लावतो. नंबर बरोबर टाकला म्हणजे मेलबॉक्स तुमच्या हातात आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. कोडने सिद्ध होतं ते फक्त मेलबॉक्सबद्दल, माणसाबद्दल नाही. तुमचा मेल दुसरा कोणी उघडू शकत असेल तर तुमच्या नावाने शेअर झालेली प्रत्येक फाइल तोही उघडू शकतो. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या ओळख पडताळणीच्या नियमांत तर ईमेलवर आलेला कोड हा स्वतंत्र दुसरा पुरावा म्हणून धरतच नाहीत, कारण मेल कुठल्याही फोनवरून, कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता येतो. त्यामुळे बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण मेलचा पासवर्ड वेगळा आणि मोठा ठेवा आणि टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, आजच चालू करा. फाइलचं कुलूप तुमच्या मेलबॉक्सइतकंच मजबूत असतं, आम्ही आमच्या बाजूने कितीही सेटिंग लावली तरी.

नेमकं काय काय करायचं ते सांगा, पहिल्यांदाच करतोय.

आमचा मेल उघडा, त्यातल्या बटणावर क्लिक करा, ब्राउझरमध्ये एक पान येईल, ते तुमचा ईमेल आयडी विचारेल, ज्या आयडीवर आमचा मेल आला तोच टाका आणि कोड पाठवायच्या बटणावर क्लिक करा. आता ते पान बंद न करता मेल बघा, ८ आकडी नंबर आलेला असेल, तो पानावर येऊन टाका, झालं. मोबाइलवर करत असाल तर मेल बघून परत येताना पान कधी कधी रिफ्रेश होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, अशा वेळी मेल ॲप पूर्ण न उघडता वरून येणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये नंबर दिसला तर तिथूनच वाचून टाका. घरात लॅपटॉप असेल तर लिंक लॅपटॉपवर आणि कोड फोनवर, हे सगळ्यात सोपं पडतं.

कोड आलाच नाही हो.

आधी स्पॅम आणि जंक बघा, जीमेल असेल तर प्रमोशन्स, अपडेट्स हे टॅबही बघा. तिथे नसेल तर मेलबॉक्स भरलाय का बघा, आणि हे कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा निघतं. जीमेलची फुकट जागा १५ जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्हींना मिळून असते, त्यामुळे फोनमधल्या फोटो-व्हिडिओंच्या बॅकअपने ती भरली की नवीन मेल यायचेच बंद होतात. आमचा लिंकचा मेल आदल्या आठवड्यात आला आणि आज कोड येत नाहीये म्हणजे बऱ्याचदा हेच असतं. मोठे व्हिडिओ काढा, ट्रॅश रिकामा करा, मग परत कोड मागवा.

कंपनीचा ईमेल असेल तर तिथल्या फिल्टरने बाहेरचा मेल अडवून ठेवलेला असू शकतो, तुमच्या आयटीवाल्यांना विचारा. आणि आणखी एक, पानावर आयडी टाइप करताना एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी कोड येणार नाही, ते पान तुम्हाला स्पष्ट सांगेलच असंही नाही.

जीमेलमध्ये मधला डॉट टाकला काय, न टाकला काय, सारखंच ना?

जीमेलच्या दृष्टीने सारखंच, मेल दोन्हीकडून तुमच्याचकडे येतो. पण फाइल शेअर करणारी सिस्टिम जीमेलची नाही, तिला डॉट असलेला आणि डॉट नसलेला हे दोन वेगळे आयडी वाटतात. आमच्या मेलमध्ये वर 'टू'मध्ये जसा आयडी दिसतो तस्साच टाकायचा. जुने रेडिफमेलवाले, याहूचे को डॉट इन वाले, तुम्हीही शेवटचा भाग बघून टाका, सवयीने डॉट कॉम टाइप होतं.

कोड आला, टाकला, तरी चुकीचा म्हणतंय.

तीन-चारदा बटण दाबलं असेल तर तीन-चार मेल आले असतील, त्यातला सगळ्यात शेवटचाच वापरा, आधीचे सोडून द्या. कॉपी-पेस्ट केला असेल तर पुढे-मागे स्पेस आलीय का बघा, त्यापेक्षा हाताने टाइप केलेला बरा. आणि वेळ. वनड्राइव्हच्या जुन्या पद्धतीत कोड १५ मिनिटं चालायचा, आता पाहुण्या खात्याची (बाहेरच्या माणसाची गेस्ट म्हणून नोंद करायची) जी नवी पद्धत आलीय त्यात ३० मिनिटं चालतो, त्यानंतर तो गेलाच. दुपारी मागवलेला कोड रात्री जेवणं झाल्यावर टाकून उपयोग नाही, नवीन मागवा, त्याला पैसे पडत नाहीत.

काल टाकला होता की, आज परत का मागतंय?

कोड एकदाच चालतो, त्यानंतर चालू राहतं ते सेशन, म्हणजे एकदा आत आल्यावर मिळालेली ठरावीक वेळ. नव्या पद्धतीत ते २४ तासांनी संपतं आणि पुन्हा कोड मागतं. गूगल ड्राइव्हवरून कोणी कंपनीने गूगल खातं नसलेल्या माणसाला फाइल दिली असेल तर तिथे पिन येतो आणि ती पडताळणी ७ दिवस चालते. शिवाय फोनवर केलं म्हणजे लॅपटॉपवर झालं असं नसतं, ब्राउझर बदलला तरी नव्याने मागतं, इन्कॉग्निटो विंडोत तर दर वेळी. यात बिघाड काही नाही.

माझ्या भावाला त्याच फोल्डरसाठी कोड येतो, मला मात्र पासवर्ड मागतंय. असं का?

तुमच्या त्या आयडीवर आधीपासून मायक्रोसॉफ्टचं खातं आहे. कधी तरी स्काइपसाठी, एक्सबॉक्ससाठी, ऑफिस घेताना नाहीतर मुलांच्या ऑनलाइन शाळेच्या वेळी उघडलेलं असेल आणि आता आठवतही नसेल. सिस्टिमला खातं दिसलं की ती कोड न पाठवता त्या खात्याचा पासवर्ड मागते. लक्षात नसेल तर तिथेच पासवर्ड विसरलो करून नवीन सेट करा. ते नकोच असेल तर दुसरा आयडी कळवा, आम्ही त्यावर शेअर करतो. आणि नीट बघा हं, तो मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मागतोय, जीमेलचा नाही. जीमेलचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या पानावर टाकून काही उघडत नाही.

ऑथेंटिकेटर ॲपमधला (फोनवर लॉगिनचे कोड दाखवणाऱ्या ॲपमधला) नंबर टाकला तर चालेल?

नाही. तो वेगळा. ॲपमधला नंबर फोन स्वतःच तयार करतो, एक गुपित किल्ली आणि घड्याळ यांच्यावरून, दर ३० सेकंदांनी नवीन, त्याला इंटरनेटही लागत नाही. आमच्या लिंकचा कोड सर्व्हर बनवतो आणि मेलने पाठवतो. ॲपमधला कोड तुमच्या मेलच्या लॉगिनला लावून ठेवा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

कोडने फोल्डर उघडलं पण आतली पीडीएफ परत पासवर्ड मागतेय!

हा रोजचा गोंधळ आहे. लिंकचा कोड म्हणजे फोल्डरमध्ये यायची परवानगी. पीडीएफचा पासवर्ड ती पीडीएफ जिथून निघाली त्यांनी लावलेला असतो आणि तो बदलत नाही. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून काढलेलं एआयएस (तुमच्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची नोंद) असेल तर पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरात आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष मिळून ८ आकडे, मध्ये जागा नाही. २६एएसला (कापलेल्या-भरलेल्या टॅक्सची नोंद) नुसती जन्मतारीख, त्याच ८ आकड्यांत. ई-आधारला नावाची पहिली ४ अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. फॉर्म १६ चं (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते एचआरच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं.

यावरून एक लक्षात येईल. तुमचा पॅन आणि जन्मतारीख माहीत असलेला कोणीही एआयएस उघडू शकतो, आणि या दोन गोष्टी सोसायटीपासून सिमकार्डच्या दुकानापर्यंत किती जणांकडे गेलेल्या असतात ते तुम्हीच आठवा. म्हणून पीडीएफला पासवर्ड आहेच की, मग व्हॉट्सॲपवर टाका, असं कोणी म्हटलं की आम्ही ऐकत नाही.

तरी पण व्हॉट्सॲपवर टाकलं तर काय बिघडतं? सगळे टाकतात.

व्हॉट्सॲप वाटेत कोणी वाचू शकत नाही, ते एन्क्रिप्टेड आहे, हे खरं. अडचण वाटेत नाही, पोचल्यावर आहे. फाइल फोनमध्ये उतरते, फोन मुलं हाताळतात, दुरुस्तीला जातो, जुना होऊन विकला जातो, आणि एका चुकीच्या टॅपने बॅलन्स शीट फॅमिली ग्रुपवर जाते. एकदा गेली की आम्ही काही करू शकत नाही. लिंक असेल तर आम्हाला ती बंद करता येते, तारीख घालता येते, डाउनलोड बंद ठेवता येतं, कोणी कधी उघडली ते बघता येतं. अर्थात स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोणीच थांबवू शकत नाही आणि तुम्ही डाउनलोड केलेली प्रत आमच्या ताब्यात राहत नाही, तिची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

मी लिंक मुलाला फॉरवर्ड केली, त्याला उघडत नाहीये. तो बंगळूरला असतो, त्याला कोड फोनवर सांगू का?

नका सांगू, अगदी मुलालाही नका. तो मुलगाच आहे, त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारण नाही, मुद्दा तुमच्या सवयीचा आहे. आज मुलाला नंबर वाचून दाखवला, उद्या भाच्याला, मग कधी तरी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही तुम्ही तितक्याच सहज वाचून दाखवाल, कारण हात आणि तोंड त्याला सरावलेलं असतं. फसवणारे याच सवयीवर जगतात. आम्हाला एक मेल टाका की मुलालाही ॲक्सेस द्या, त्याचा आयडी हा, आम्ही त्याच्या नावाने वेगळी परवानगी देतो, त्याला त्याचा कोड त्याच्या मेलवर जाईल आणि तुम्हाला फोनवर नंबर वाचत बसावं लागणार नाही.

आमच्या दुकानाचा एकच ईमेल आहे, सगळेच तो बघतात. त्यावर चालेल का?

चालेल, पण मग कोड त्या मेलवर येणार आणि तो बघणारा प्रत्येक जण फाइल उघडू शकणार, काउंटरवरचा मुलगासुद्धा, आणि सहा महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेला माणूसही, जर पासवर्ड बदलला नसेल तर. जीएसटीची खरेदी-विक्रीची शीट ठीक आहे एक वेळ. पार्टनरांचं भांडवल, पगारपत्रक, घरचे रिटर्न यांच्यासाठी कृपया स्वतःचा वेगळा आयडी द्या.

तुमच्या ऑफिसातून फोन आला, म्हणाले कोड सांगा म्हणजे आम्ही इकडून उघडून देतो.

तो फोन आमचा नव्हता. आम्हाला तुमचा कोड कधीच लागत नाही, फाइल आमच्याचकडची आहे, ती बघायला तुमचा नंबर कशाला हवा? कोड मागणारा, मग तो कुठल्याही नावाने बोलत असो, इन्कम टॅक्स रिफंडचं म्हणत असो नाहीतर बँकेचं, त्याला तुमच्या नावाने कुठे तरी आत शिरायचंय. फोन ठेवा आणि आमच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. फोनवर बोलता बोलता स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं तरी तसंच, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर चालू असताना तुमच्या स्क्रीनवर आलेला प्रत्येक कोड त्याला आयता दिसतो, तुम्ही तोंडाने न सांगता. आणि आरटीओचं चलान किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल) आली तर इन्स्टॉल करू नका, अशी ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि पुढचे सगळे ओटीपी परस्पर पळवतात.

मी काही मागवलं नव्हतं, तरी कोडचा मेल आलाय. घाबरायचं का?

घाबरायचं नाही. कोणी तरी लिंकवर जाऊन तुमचा आयडी टाकला, बहुतेक वेळा तुम्ही लिंक फॉरवर्ड केलेली घरचीच कोणी व्यक्ती असते. कोड त्यांच्याकडे नाही म्हणजे फाइल उघडलेली नाही. आम्हाला कळवा, आम्ही रेकॉर्ड बघतो. पण असे मेल सारखे यायला लागले तर मेलचा पासवर्ड बदला.

यापेक्षा धोकादायक प्रकार वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्या. एक मेल किंवा मेसेज येतो, त्यात लिंक असते आणि कोडही आधीच दिलेला असतो, म्हणे फाइल उघडायला नाहीतर मीटिंगला यायला या पानावर जाऊन हा नंबर टाका. लिंक खरोखर मायक्रोसॉफ्टच्याच पानावर जाते, पत्ता तपासला तरी बरोबर दिसतो, म्हणून भले भले फसतात. ते पान असतं टीव्ही, प्रिंटरसारखं नवीन उपकरण खात्याला जोडायचं, आणि तो नंबर असतो चोराच्या उपकरणाचा. तुम्ही तो टाकून लॉगिन केलं की तुमच्या खात्याला त्याचं उपकरण जोडलं जातं, पासवर्ड न चोरता. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, स्टॉर्म-२३७२ असं त्यांनी नाव दिलेला गट ऑगस्ट २०२४ पासून टीम्स मीटिंगच्या निमंत्रणाच्या आडून हेच करत होता.

ओळखायचं कसं, तर क्रम बघा. खऱ्या फाइलच्या बाबतीत आधी तुम्ही लिंक उघडता, तुम्ही कोड मागता, मग कोड येतो. जो कोड लिंकच्या सोबतच येतो तो तुमचा नाही, कुठेही टाकू नका.

एसएमएसवर कोड पाठवत जा ना, मेलपेक्षा सोपं पडतं.

काही ठिकाणी तशी सोय असते, जीमेलच्या कॉन्फिडेन्शियल मोडमध्ये पाठवणारा तुमचा मोबाइल नंबर टाकून एसएमएसने पासकोड ठेवू शकतो. पण आमचे कितीतरी क्लायंट दुबईत, न्यू जर्सीत, सिंगापूरला आहेत, भारतातलं सिम एक तर ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं किंवा रिचार्ज संपून बंद झालेलं असतं, आणि बंद झालेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. मेल जगात कुठूनही उघडतो. शिवाय सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून, नंबर पळवायचे प्रकार आपल्याकडे होतातच. म्हणून आम्ही मेलच धरून बसलोय.

घरी प्रिंटर नाही, झेरॉक्सच्या दुकानात लिंक उघडून प्रिंट काढली तर?

शक्यतो नको. काढावीच लागली तर मेल दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजिबात उघडू नका, मेल तुमच्या फोनवरच राहू दे. आता ती लांबलचक लिंक हाताने टाइप होणार नाही, म्हणून घरूनच निघताना फक्त लागणारी पानं पेन ड्राइव्हवर घ्या, पूर्ण फोल्डर नको. काम झाल्यावर त्यांच्या डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर प्रत राहिली असेल तर समोर उभं राहून काढायला सांगा, रीसायकल बिनमधूनही. लाजू नका, चांगले दुकानदार स्वतःहून काढतात. व्हिसाच्या कामासाठी बँक स्टेटमेंटचे गठ्ठे काढतात लोक आणि फाइल तिथेच राहते, हे बघून खरंच जीव तुटतो.

कोड सांगून बसलो. आता?

वेळ घालवू नका, मनाला लावूनही घेऊ नका, पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. आम्हाला फोन करा, आम्ही लिंक लगेच बंद करतो. तोवर मेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, आणि मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणी फॉरवर्डिंगचा अनोळखी पत्ता किंवा रिकव्हरीचा नंबर घातलाय का ते बघा, नुसता पासवर्ड बदलून ते जात नाही. कोड बँकेचा असेल किंवा पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त.

वडील गेले. त्यांची सगळी कागदपत्रं त्यांच्या आयडीवर शेअर केलेली होती.

त्यांच्या मेलमध्ये शिरून कोड मागवत बसू नका. आम्हाला कळवा, मृत्यूचा दाखला आणि तुम्ही वारस असल्याचा कागद दाखवा, आम्ही फोल्डर तुमच्या आयडीवर शेअर करतो, त्यांचं शेवटचं रिटर्नही कायदेशीर वारस म्हणून तुम्हालाच भरावं लागणार असतं. फक्त एक करा, त्यांचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. बँक, म्युच्युअल फंड, पेन्शन यांचे निरोप त्यावर येतात आणि कुठे काय आहे ते त्यावरूनच कळतं, नॉमिनीची कामं होईपर्यंत छोटा रिचार्ज मारत राहा. मेलही तसाच, गूगल २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं. हयात असलेल्यांनी गूगलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या मागे खातं कोणाला बघता यावं ते आत्ताच नोंदवून ठेवावं, तशी सोय आहे.

जुनी लिंक उघडत नाहीये, कोडच मागत नाही, परवानगी नाही म्हणतंय.

एक तर मुदत संपली, आम्ही साधारण रिटर्नचा सीझन झाल्यावर लिंका बंद करतो. नाहीतर ती मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कोड पद्धतीतली लिंक असेल, ती पद्धत २०२५ पासून बंद होत गेलीय आणि तेव्हाच्या बऱ्याच लिंका नव्याने शेअर कराव्या लागतात. दोन्ही वेळा उपाय एकच, त्याच आयडीवरून आम्हाला मेल करा, वर्ष लिहा, नवीन लिंक पाठवतो. आणि आली की रिटर्न, पोचपावती आणि कॉम्प्युटेशन एवढं तरी डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा, कर्जाला बँक तीन वर्षांची मागते आणि नेमकी शनिवारी संध्याकाळी मागते, तेव्हा ऑफिस बंद असतं.